चौथी हाक

कोर्टातल्या शिपायाला कामं काय कमी असतात? साहेबांचं पाणी भरा, फायलींचे गठ्ठे उचला, वकिलांना खुर्च्या द्या, आणि वर दारात उभं राहून दिवसभर नावं पुकारा. त्यामुळं त्या दिवशी दुपारी साहेबांनी एक बंद लिफाफा दिला आणि सांगितलं, की लताबाई, एवढा दवाखान्यात कैदी वॉर्डाच्या डॉक्टरांना द्या अन् त्यांचं उत्तर घेऊनच या, तेव्हा लताबाईला बरंच वाटलं. तेवढाच बाहेर वारा. जाताजाता रसवंतीवर अर्धा ग्लास रसही होईल. एप्रिल होता, दोन हजार तीन सालचा. म्हातारे लोक सांगतात पूर्वी नाशिक लय थंड होतं. असेल बाबा. त्या दिवशी तरी डांबर चपलेला चिकटत होतं.

कुठलं कोर्ट आणि कुठला दवाखाना ते विचारू नका. उगाच कुणाची नोकरी जायची.

तर ही लताबाई शेजवळ. नाव लता, आणि गळा फुटक्या डब्यासारखा. वकील मंडळी तिच्या तोंडावर हसायची. तिचा नवरा यादव, पुकारा मात्र करावा तर त्यानंच. एकोणीस वर्षं त्याच दारात उभा राहिला. रोज सकाळी गळ्याला निलगिरीचं तेल चोळायचा, त्यामुळं तो जाईल तिथं सर्दीच्या बामासारखा वास. आणि आवाज? 'हाजिर'मधला 'हा' असा लांब ओढायचा, की खालच्या झेरॉक्सवाल्याचा हात थांबायचा. दोन वर्षांपूर्वी तो हार्ट ॲटॅकनं गेला, आणि त्याच्या जागी बायकोला लावून घेतलं. अनुकंपा म्हणतात त्याला.

यादवचा एक नियम होता. नाव तीनदाच. दोनदा नाही, चारदा तर नाहीच नाही. घरी जेवताना बायकोला सांगायचा, की तीन हाकांत आला तो आला. चौथी मारली तर कोर्टाची किंमत जाते, मग कोर्ट कसलं, ती भाजीची गाडी. लताबाई मान डोलवायची. आता मात्र तोच नियम तिच्या पदरी आला होता. तीनदा ओरडायचं, थांबायचं, मग आत जाऊन सांगायचं, 'नाही साहेब.'

लिफाफा बंद होता. पण बंद लिफाफ्यात काय आहे ते कोर्टात साहेबांच्या आधी शिपायाला माहीत असतं. आत सोमा भोये नावाच्या आरोपीबद्दल विचारलं होतं. सोमा पुंजाराम भोये, सुरगाण्याकडचा, डोंगरातला माणूस. ब्याण्णव साली द्राक्षाच्या हंगामात निफाडकडं मजुरीला आला. एका बागेतल्या मोटरीची तांब्याची वायर गेली आणि हा मोटरीच्या खोलीत सापडला. फार तर तीन वर्षांची शिक्षा होईल असा गुन्हा. पण पहिल्याच तारखेला यादवनं तीनदा पुकारलं आणि हा दारातच, बेड्या घातलेला उभा, ओ काही देईना. साहेबांनी नाव विचारलं, गप्प. डॉक्टरांनी विचारलं, गप्प. लिहिलं, 'आरोपी स्वतःचे नाव ओळखत नाही.' वेड्यावर खटला चालत नाही म्हणे. बरा झाला की चालवू. मग तारीख. मग पुन्हा तारीख. दर तारखेला यादवचा पुकारा, तीनदा, आणि सोमा दारात मुका. यादव गेल्यापासूनची दोन वर्षं तर त्याला कोर्टात आणतही नव्हते, नुसत्या कागदावर तारखा. अशी अकरा वर्षं. साहेब पाच बदलले. घरचं कुणी आलं नाही, कारण घरी कुणी कळवलंच नव्हतं.

आपण शाळेत हजेरीला मित्राच्या नावाची पण 'हजर सर' ठोकतो. दोन शब्दांचं काम. या माणसाची त्या दोन शब्दांपायी अकरा वर्षं गेली.

आणि आता हे शेवटचं विचारणं होतं. डॉक्टरांनी याही वेळी 'नाव ओळखत नाही' लिहिलं, तर सोमाला लांबच्या, वेड्यांच्या मोठ्या दवाखान्यात कायमचं पाठवणार. फायलीला दोरी बांधून ती तळघरात जाणार. तळघरात गेलेली फाईल परत वर आल्याचं लताबाईनं तरी कधी पाहिलं नव्हतं.

कैदी वॉर्ड दवाखान्याच्या मागच्या अंगाला होता. जिना चढून गेलं की लांब बोळ, बोळाच्या शेवटी लोखंडी जाळीचं दार, दाराशी स्टुलावर हवालदार हिरामण. एकटाच पत्ते लावत बसला होता. लताबाईला बघून म्हणाला, डॉक्टर राऊंडला आहेत, येतील अर्ध्या तासात, या, बसा पंख्याखाली. ती बसली आणि लाईट गेली.

लोडशेडिंग. त्या वर्षी ती रोजचीच होती, आणि जनरेटर काय तो ऑपरेशनपुरता. पंखा दोन-तीन गिरक्या मारून थांबला. पंखा थांबल्यावर कळतं, आपण किती आवाजात बसलो होतो ते. भर दुपार होती, पण मागच्या भिंतीला खिडक्या लहान आणि त्यांच्यावर काळा रंग मारलेला, त्यामुळं आत मातीच्या माठात असतो तसा उजेड. फिनेल, घाम आणि औषधाच्या गोळ्यांचा वास. चार खाटा. तिघं झोपलेले. चौथ्या खाटेवर एक माणूस भिंतीला पाठ लावून ताठ बसला होता. दाढी पांढरी झालेली. वय असेल चाळीसच.

'हाच तो?' लताबाईनं हळूच विचारलं.

हिरामणनं मान हलवली. त्रास काही नाही म्हणाला, जनावर तरी आवाज करतं, हा त्याहून गप. फक्त दिवसभर बोटं मोडत बसतो.

लताबाईनं नीट बघितलं. बोटं मोडत नव्हता. मिटत होता. उजवा हात गुडघ्यावर ठेवलेला. करंगळी मिटली. जरा वेळानं तिच्या शेजारचं बोट मिटलं. मग मधलं. मग तो थांबला. अंगठ्याशेजारचं पहिलं बोट ताठ, थरथरत, आणि नजर जाळीच्या दारावर. अशी नजर, जशी एसटी स्टँडवर शेवटच्या गाडीची वाट बघणाऱ्या माणसाची. पाचेक श्वास गेले. मग त्यानं मूठ उघडली आणि मान खाली घातली.

परत थोड्या वेळानं करंगळी.

'काय मोजतोय हा?'

'वेड्याचं काय घेऊन बसलात मावशी. मी आल्यापासून असाच. तीन मोजतो आणि सोडून देतो.'

लताबाईला उगाच थंड वाटलं. बाहेर ऊन आग ओकत होतं आणि इथं तिच्या दंडावर काटा. मग तिला वास आला. फिनेलमधून, घामामधून, हळूच, कुणी शेजारून गेल्यासारखा. निलगिरीच्या तेलाचा.

कुणीतरी सर्दीचं औषध लावलं असेल, असं ती मनाला म्हणाली. मनानं ऐकलं नाही.

आणि मग बोळाच्या त्या टोकाकडून, जिन्याकडून, फार लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा...

'सोमा पुंजाराम भोये... हाऽऽऽजिर...'

सोमाची करंगळी मिटली.

लताबाईनं हिरामणकडं बघितलं. तो बदामची राणी शोधत होता. त्याला काही ऐकू गेलेलं नव्हतं.

'सोमा पुंजाराम भोये... हाऽऽऽजिर...'

तो 'हा' अख्ख्या नाशकात एकच माणूस ओढायचा. ती त्याच्या शेजारी चोवीस वर्षं झोपली होती, तिला नाही कळणार तर कुणाला? दुसरं बोट मिटलं. मग तिसरी हाक आली आणि तिसरं बोट. आणि मग काही नाही. बोळ मोकळा. सोमाचं पहिलं बोट थरथरतंय, डोळे दाराशी.

दुसरी कुणी असती तर चपला तिथंच टाकून जिन्यावरून गडगडत खाली गेली असती. लताबाईचे पायही उचललेच होते, खोटं कशाला बोला. पण ती बसून राहिली. तिच्या डोक्यात भीतीच्या शेजारी दुसरंच काहीतरी घुसलं होतं. हा माणूस कशाची वाट बघतोय?

'हिरामणभाऊ,' ती म्हणाली, 'तुम्ही कुठले?'

'पेठकडचा. का हो?'

'तुमच्या डोंगरात कुणी हाक मारली तर काय करतात?'

हिरामण हसला. मग त्यानं सांगितलं, की लहानपणी आजी रानात जाताना बजावायची. माणूस दिसत नसेल आणि नावानं हाक आली, तर ओ द्यायची नाही. गप ऐकायचं. भूत तीनदाच हाक मारतं, त्याला चौथी येत नाही. चौथी हाक माणसाची. मग खुशाल ओ द्यावी.

एवढं बोलला आणि त्याचा हात थांबला. त्यानं पत्त्यांवरून मान वर केली आणि सोमाच्या बोटांकडं बघितलं. पहिल्यांदाच, इथल्या तीन वर्षांच्या ड्युटीत. एक पत्ता त्याच्या हातातून फरशीवर पडला, तो त्यानं उचलला नाही.

म्हणजे बघा. या माणसाला आजार होता, खराच होता, कानात हाका यायच्या. दिवसभर, रात्रभर. कुठली खरी, कुठली खोटी, कसं कळणार? तर त्यानं आजीआजोबांचा नियम घट्ट धरला, हाक मारणारा समोर दिसत असला तरी. तीन गेल्या की चौथीची वाट. वॉर्डात त्याला 'ए वेड्या' म्हणायचे, तुरुंगात नंबर होता, डॉक्टर दोनदा विचारून पुढच्या खाटेवर. आणि कोर्टात नियमच तीनचा. एवढ्या मोठ्या सरकारात अकरा वर्षं त्याला कुणी चौथी हाक मारलीच नाही. सगळे म्हणत होते याला काही कळत नाही, आणि अख्ख्या वॉर्डात नेमानं काम करणारा तो एकटाच होता.

डॉक्टर आले. तरणाबांड पोरगा, कपाळावर घाम, हातात पंचवीस कागद. लिफाफा फोडला, वाचला, खाटेशी गेला. 'सोमा,' म्हणाला. थांबला. 'सोमा, माझ्याकडं बघ.' आणि खिशातून पेन काढलं.

'साहेब, अजून दोनदा मारा हाक,' लताबाई म्हणाली.

त्यानं शाळेत मधेच बोलणाऱ्या पोराकडं मास्तर बघतो तसं बघितलं. सांगितलं, बाई, अजून चाळीस पेशंट आहेत, लाईट नाही, आणि हा माणूस तुमच्या कोर्टातच अकरा वर्षं बोललेला नाही. पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात निलगिरीचा वास आला. या वेळी लांबून नाही. जाळीच्या दाराला अगदी लागून. आणि हाक आली, ती भिंतीला हात लावला तर थरथर लागेल एवढी जवळून.

एक. सोमाची करंगळी.

'इथं एक सही...' डॉक्टर स्वतःशीच म्हणत होता.

दोन.

लताबाई उठली. दाराकडं बघायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं. दाराकडं बघितलं असतं आणि तिथं यादव दिसला असता तर जमलं नसतं. आणि दिसला नसता तर अजिबात जमलं नसतं.

तीन. 'हाऽऽऽजिर' संपलं, आणि ती शांतता आली, नेहमीची. चोवीस वर्षांत नवऱ्याचा शब्द तिनं मोडला नव्हता. कोर्टाची किंमत जाईल तर जाईल, ती मनात म्हणाली, आणि आपल्या फुटक्या डब्याच्या गळ्यातून जेवढा निघाला तेवढा आवाज काढला.

'सोमा पुंजाराम भोये... हाजिर?'

पहिलं बोट मिटलं. पुरी मूठ झाली.

तो माणूस खाटेवरून उतरला. सरळ उभा राहिला, हात जोडले, आणि वापरात नसलेलं दार उघडताना करकरतं तशा आवाजात म्हणाला, 'हाय बाई. इठंच हाय. अकरा वर्सं इठंच हाय.'

डॉक्टरच्या हातातलं टोपण घरंगळत खाटेखाली गेलं.

मग त्यानं पुष्कळ विचारलं आणि सोमानं सगळ्याची उत्तरं दिली. गावाचं नाव, बापाचं नाव, भावाचं नाव, वर्ष कुठलं. मोटर खोललीस का विचारल्यावर म्हणाला, नाय खोलली, हाका लय येत व्हत्या म्हणून खोलीत लपलो, दार जाड व्हतं. डॉक्टर खाली बसून लिहीत होता, चाळीस पेशंट विसरून. लिहिलं, की आजारी आहे, औषध लागेल, पण प्रश्न समजतात, उत्तर देतो, खटला चालवावा. लताबाईनं कागद घेतला. दारातून बाहेर पडताना वास नव्हता. रसवंतीवर मात्र ती थांबली नाही. पाय थांबले असते तर पुन्हा चालले नसते.

पुढच्या तारखेला दारात उभं राहून तिनं नाव पुकारलं. तीनदा, रिवाजाप्रमाणे. मग चौथ्यांदा. आत टाइपरायटर थांबला. वकील हसले. साहेबांनी चष्म्याच्या वरून बघितलं. चौथी कशाला म्हणाले.

'ती माणसाची, साहेब,' लताबाई म्हणाली.

आणि मागून सोमा म्हणाला, 'हाय.'

मग कुणी हसलं नाही. साहेबांनी फाईल पहिल्या पानापासून वाचली, त्याला पाऊण तास लागला, आणि पाऊण तास कोर्टात कुणी खोकलंसुद्धा नाही. चोरीचा पुरावा शोधूनही सापडला नाही. संध्याकाळी सोमा सुटला. हिरामणनं स्वतः त्याला गोळ्यांच्या पाकिटासकट सुरगाण्याच्या एसटीत बसवलं, कंडक्टरला दम देऊन, की याला चार हाका मारून उतरव.

एसटीत चढायच्या आधी सोमा लताबाईच्या पाया पडला. पडता पडता हळूच म्हणाला, 'ते तुमचं कोण व्हतं? तेलाच्या वासाचं?'

लताबाईनं त्याला खांद्याला धरून उठवलं.

'आता माझं नाव नाय घेत ते,' तो म्हणाला. 'गोळीनं बाकीच्या हाका बसल्या. त्यांची एक तेवढी येती, लांबून. पण नाव दुसऱ्याचं घेत्यात.'

कुणाचं, हे तिनं विचारलं नाही. हुशार बाई. सगळ्याच गोष्टी विचारायच्या नसतात.

त्यानंतर ती कोर्टात प्रत्येकाला चौथी हाक मारायची. वकील वैतागायचे, पण कुणी तिला थांबवलं नाही. साहेबांनीही नाही. सहा-सात महिन्यांत आणखी दोघं चौथ्या हाकेला उभे राहिले, त्यातला एक बहिरा होता आणि ओठ वाचायला त्याला वेळ लागायचा. ज्या गळ्याला हसायचे त्या गळ्याला लोक आता मान द्यायला लागले.

दिवाळीनंतरचा एक रविवार. ऊन उतरलेलं, लताबाई पंचवटीतल्या आपल्या खोलीत एकटीच तांदूळ निवडत बसली होती. पुढचं दार उघडं. मागचं, नळाकडचं, कडी लावलेलं. रेडिओवर बातम्या चालल्या होत्या, तो आपोआप खरखरला आणि बंद पडला. आणि सुपातल्या तांदळाला निलगिरीचा वास आला.

यादव जिवंत असताना तिला कधी नावानं हाक मारायचा नाही. 'ऐकलं का' म्हणायचा. आता मागच्या दाराच्या पलीकडून, अगदी सवयीनं, रिवाजाप्रमाणे...

'लता यादव शेजवळ... हाऽऽऽजिर...'

तिच्या हातातले दाणे तसेच राहिले. ओठ आपोआप उघडले. चोवीस वर्षांची सवय, माणूस ओ देतोच. तेवढ्यात पुढच्या दारात सावली पडली. सोमा होता. खांद्यावर नागलीची पिशवी, पायावर डोंगराची धूळ, दाढी काढलेली. भेटायला म्हणून आलेला. त्यानं हाक मारली नाही. डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि उजवा हात पुढं धरला. करंगळी मिटलेली होती.

दुसरी हाक. दुसरं बोट.

लताबाईनं पदर तोंडात कोंबला. सोमा तिच्या डोळ्यांत बघत होता, अजिबात न घाबरता, अकरा वर्षांचा मुरलेला माणूस, मान हळूहळू हलवत. नाही... नाही... नाही.

तिसरी. कडी थोडी वाजली. तिसरं बोट मिटलं, आणि मग ती शांतता.

पाच श्वास. दहा. वास विरत गेला. रेडिओ खरखरून परत सुरू झाला. लताबाईनं तोंडातला पदर काढला, डोळे पुसले. एवढा वेळ रडत होती हे तिला तेव्हाच कळलं.

'गेले का रे?' ती कुजबुजली.

 सोमा आता तिच्याकडं बघतच नव्हता. तिच्या खांद्यावरून मागं बघत होता, घराच्या आत, तिच्या पाठीशी जिथं फक्त भिंत होती तिथं. हात तसाच पुढं धरलेला, पहिलं बोट ताठ.

मग ते हळूच मिटलं.